बीटला भाजीच राहू द्या

परवा रात्री मोबाइलवर एक रील समोर आली. एक मुलगी मिक्सरमध्ये बीट, गाजर आणि डाळिंब टाकते, लालभडक रस ग्लासात ओतते आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगते की सात दिवस प्या, हिमोग्लोबिन वाढलंच समजा. खाली लाइकचा पाऊस. कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारलं होतं, 'माझ्या बहिणीला सारखा थकवा येतो, तिला चालेल का?' त्यावर उत्तर होतं, 'नक्की चालेल', आणि पुढे एक लाल बदाम.

मी गोंदिया जिल्ह्यात, गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरामागच्या सांदवाडीत २०२०च्या हिवाळ्यापासून दरवर्षी बीट लावतो. बीट मला मनापासून आवडतं. कच्चं, उकडलेलं, चुलीत भाजलेलं, पानांसकट, देठांसकट. म्हणजे बीटचा शत्रू मी नक्की नाही. तरी ती रील बघून माझं डोकं फिरलं. त्या कॉमेंटमधली बहीण मी पाहिलेली आहे. ती माझीच ताई आहे.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. बीट ही भाजी आहे. आपण तिला औषध करून ठेवलं, आणि त्यात दोन नुकसानं झाली. ज्याला खरोखर रक्ताचा आजार आहे त्याची तपासणी लांबली. आणि ज्याला फक्त चार घास चांगले खायचे आहेत त्याच्या ताटातून एक छान भाजी उठून गेली. पहिलं नुकसान मोठं आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

ताईचा ग्लास

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. लहानपणापासून किडकिडीत. पाचवीत असताना तिचे हातपाय दुखायला लागले. थंडी पडली की दुखायचं, रोवण्याच्या दिवसांत पावसात भिजली की दुखायचं. कधी कधी इतकं की रात्रभर गुडघे धरून रडायची. डोळे पिवळट दिसायचे. शाळेत प्रार्थनेला उभी राहिली की बसून घ्यायची.

आमच्याकडे अशा पोरीचं निदान करायला डॉक्टर लागत नाही. शेजारची काकू पुरते. 'पोरीच्या आंगात रगतच नाही,' असं एकदा ठरलं की ठरलं. मग उपायही ठरलेला. बीट.

गावच्या बाजारात तेव्हा बीट कधी यायचं, कधी नाही. बाबा गोंदियाला कामाला गेले की तिथल्या बाजारातून किलोभर घेऊन यायचे. बाजारातले लोक त्याला चुकंदर म्हणायचे. माय सकाळी किसायची, फडक्यातून पिळायची आणि स्टीलचा पेला ताईच्या समोर धरायची. साखर नाही, मीठ नाही, लिंबू नाही. औषधाला चव कशाला? 'पिऊन घे वो, रगत वाढते.' ताई नाक दाबून प्यायची. कधी ओकायची. ओकली की पुन्हा अर्धा पेला.

मला कधी कुणी तो पेला दिला नाही. पोराचं रक्त कमी आहे असा संशय आमच्या घरात कुणाला आला नाही.

हे चार वर्षं चाललं. चार वर्षांत तिचं दुखणं कमी झालं नाही, पण त्याचा दोष बीटवर आला नाही. तो ताईवर आला. 'पोरगी नीट पीत नाही.' 'अर्धा पेला मोरीत ओतते.' 'खाण्यापिण्याचे नखरे, मग रगत कुठून येईन?' माझ्या मायबापांनी हे प्रेमापोटी केलं यात मला शंका नाही. बाबांनी त्या बीटांसाठी सायकलने किती चकरा मारल्या ते मी पाहिलंय. पण औषध लागू पडलं नाही की रोग्यालाच दोषी धरायचं, ही घरगुती उपचारांची जुनी खोड आहे. रोगी मुलगी असेल तर काम आणखी सोपं होतं.

ताई नववीत असताना एकदा तिला लघवी लाल झाली. घाबरून तिनं मायला सांगितलं. माय म्हणाली, 'बीटचं हाय ते.' आणि ते पटण्यासारखं होतं. बीट खाल्ल्यावर काही लोकांची लघवी गुलाबी-लाल होते, हे खरंच आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, तो नुसता बीटचा रंग असतो. आम्ही आठवडाभर तसंच समजून बसलो. मग बाजारात बीटच मिळालं नाही, तीन दिवस ज्यूस झाला नाही, आणि तरी लघवी लालच. तेव्हा बाबा तिला घेऊन दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, 'हिची सिकलसेलची तपासणी केली होती का?'

केली नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं. आधी सोल्युबिलिटी टेस्ट झाली, मग इलेक्ट्रोफोरेसिस. रिपोर्टवर दोन अक्षरं होती. एसएस. म्हणजे सिकलसेलचा पूर्ण आजार. या आजारात मूत्रपिंडाला इजा होऊन लघवीतून रक्त जाऊ शकतं. आम्ही आठवडाभर ज्याला बीट म्हणत होतो ते रक्त होतं.

त्यानंतर घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. माय एएस, बाबा एएस, मी एएस. आम्ही तिघं वाहक. आजारी नाही, औषध लागत नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. ताईच्या वाट्याला ती आली, माझ्या वाट्याला आली नाही. यात तिच्या नखऱ्यांचा कुठेही संबंध नव्हता.

लाल रंगाचा घोटाळा

आता त्या रीलचा हिशेब करू.

बीटचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो, ज्यात लोह असतं. या दोघांचं नातं इतकंच की दोन्ही आपल्या डोळ्यांना लाल दिसतात. लाल खाल्लं की रक्त वाढतं हा तर्क मान्य केला तर जास्वंद, पळसाची फुलं आणि लाल विटाही खाव्या लागतील. मेंदूसारखा दिसतो म्हणून अक्रोड मेंदूला चांगला, असं युरोपातले लोकही काही शतकांपूर्वी मानत होते. आपण त्यांच्यापेक्षा मागे नाही, पुढेही नाही. फरक इतकाच की आपल्या हातात मोबाइल आहे.

शंभर ग्रॅम बीटच्या कंदात साधारण ०.८ मिलिग्रॅम लोह असतं. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीच्या रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह हवं. भागाकार तुम्हीच करा. नुसत्या बीटवर ती गरज भागवायची तर रोज साडेतीन किलोच्या वर बीट खावं लागेल. त्यातही भाजीपाल्यातलं लोह शरीर थोडंच शोषून घेतं.

गंमत पुढे आहे. बीटच्या पानांत कंदाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त लोह असतं. आणि बाजारात ती पानं कापून बकऱ्यांपुढे टाकली जातात. म्हणजे 'रक्त वाढवणारं' म्हणून आपण जे पितो त्यात लोह कमी, आणि ज्यात थोडंफार आहे ते फेकतो. का, तर पान हिरवं आहे. रंग जुळत नाही.

पण समजा बीटमध्ये भरपूर लोह असतं. तरी ताईला त्याचा उपयोग नव्हता. सिकलसेलमध्ये अडचण लोहाची नसतेच. हिमोग्लोबिनची घडणच एका जागी बदललेली असते. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलमधली पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. सिकल म्हणजे विळा, आमच्याकडचा इळा, ज्यानं आम्ही धान कापतो. पेशी तशी वाकडी होते, कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. ते अडकणं म्हणजे ताईचं रात्रभर गुडघे धरून रडणं. फुटलेल्या पेशींचा पिवळा रंग डोळ्यांत दिसायचा. ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावं लागतं, त्यांच्या शरीरात तर लोह उलट जास्त साठतं आणि तेच त्रास देतं. अशा माणसाला तपासणीशिवाय 'लोह वाढव' म्हणणं हा नुसता अडाणीपणा नाही, त्यात धोका आहे.

हा आजार काल-परवा सापडलेला नाही. शिकागोच्या जेम्स हेरिकनं १९१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या रक्तात या विळ्यासारख्या पेशी पाहून त्यांचं वर्णन केलं. लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींमध्ये तो आढळला. पूर्व विदर्भात, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात, तो मोठ्या प्रमाणावर आहे हे आरोग्य खात्याला कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची नोंद आहे. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावरच्या जनुक-उपचाराला मंजुरी मिळाली. त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. जग तिथे पोहोचलं, आणि आमच्या गावातल्या पोरीला अजून कुणीतरी सांगतं, बीट पी.

'पण नुकसान काय आहे?'

हे बोललं की ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

'बीटने नुकसान तर होत नाही ना?' बीटने होत नाही. वाट बघण्याने होतं. ताईची चार वर्षं त्या वाट बघण्यात गेली. त्या चार वर्षांत तिला रोजची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळाली असती. दुखणं वारंवार येणाऱ्यांना हायड्रॉक्सियुरिया देतात, तो वेळेत सुरू झाला असता. भरपूर पाणी पी, थंडीत भिजू नको, ताप आला तर थांबू नको, हे साधं ज्ञान मिळालं असतं. ज्यूसमुळे काय झालं? घरच्यांना वाटलं की काहीतरी चाललंय. काहीतरी चाललंय या समाधानाइतकी डॉक्टरकडे जाण्याच्या आड येणारी दुसरी गोष्ट नाही.

'बीटवर संशोधन झालंय.' झालंय. बीटमध्ये नायट्रेट असतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनमध्ये उच्च रक्तदाबाच्या ६४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार आठवडे रोज २५० मिलिलिटर रस दिल्यावर रक्तदाब थोडा उतरलेला दिसला. चांगली गोष्ट आहे. पण तो रक्तदाबाचा अभ्यास आहे, हिमोग्लोबिनचा नाही. एका आजाराचा पुरावा दुसऱ्या आजाराच्या खात्यात जमा करता येत नाही. आणि त्या लोकांनीही गोळ्या बंद करून रस प्या असं सांगितलेलं नाही.

'बीटमध्ये फोलेट असतं, आणि सिकलसेलला फॉलिक अ‍ॅसिडच देतात की.' हो, फोलेट असतं आणि बऱ्यापैकी असतं. म्हणूनच बीट ही चांगली भाजी आहे. पण गोळीचा डोस डॉक्टर ठरवतो, आणि उकडताना भाजीतलं किती फोलेट पाण्यात गेलं हे कुणी मोजत नाही. भाजी गोळीच्या सोबत खायची, गोळीच्या ऐवजी नाही.

'सगळ्यांनाच सिकलसेल नसतो. साध्या अ‍ॅनिमियाला तर चालेल?' राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया अ‍ॅनिमिक निघाल्या. म्हणजे तुम्ही हे वाचताय त्या क्षणी तुमच्या घरातल्या दोन बायकांपैकी एकीचं हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता आहे. कारण लोहाची कमतरता असेल, जंत असतील, पाळीत जास्त रक्त जात असेल, बी-१२ कमी असेल, सिकलसेल असेल, थॅलेसेमिया असेल. ही कारणं ग्लासाकडे बघून कळत नाहीत. रक्त तपासून कळतात. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, फक्त त्यांची रील होत नाही.

आणि एक उत्तर असं येतं की 'आमच्या आजीला गुण आला होता.' आला असेल. माझी आजी म्हणायची की बीट तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हातारी झाली होती. ज्याला आपण आजीबाईचा बटवा म्हणतो त्यातलं बरंचसं सामान यूट्यूबवरून आलेलं आहे. आजीचं नाव फक्त लेबलावर आहे.

सांदवाडी

निदान झाल्यावर ताईनं घरात एकच नियम केला. 'बीट या घरात दिसलं नाही पाहिजे.' कुणाची हरकत घ्यायची हिंमत नव्हती. दहा वर्षं दिसलं नाही.

२०२०च्या दिवाळीनंतर मी बीट लावलं ते चुकून. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली होती, पुण्याहून घरी आलो होतो, धान कापून झाला होता आणि हाताला काम नव्हतं. कृषी केंद्रात पालक, मेथी, सांभाराच्या पुड्या घेतल्या, त्यात दुकानदारानं बीटची एक पुडी टाकली. 'क्रिमसन ग्लोब' लिहिलेलं होतं. परत करायला जायचा कंटाळा केला.

बीटचं बी हातात घेतलंत तर ते एक बी नसतं. खडबडीत वाळकी गोळी असते आणि तिच्यात दोन-चार बिया एकत्र असतात. म्हणून एका खड्ड्यात एक गोळी टाकली तरी तीन-चार कोंब येतात. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. बी चांगलं उगवलं म्हणून खूश होतो आणि सगळे कोंब ठेवले. परिणाम, बोटाएवढ्या मुळ्या आणि वर पानांचं जंगल. विरळणी करताना जीव तुटतो, पण करावी लागते. एका जागी एक रोप, दोन रोपांत चार बोटांचं अंतर. उपटलेले कोंब फेकायचे नाहीत, ते कच्चेच खायचे.

बी रात्रभर पाण्यात भिजवायचं. माती भुसभुशीत हवी. आमच्या सांदवाडीतली माती जराशी रेताड, त्यामुळे कंद गोल येतो. कन्हारात, म्हणजे काळ्या भारी मातीत, तो वेडावाकडा होतो. तशी माती असेल तर वाफा उंच करायचा, शेणखत आणि राइस मिलमधली तुसाची राख मिसळायची. गोंदियात राइस मिलची कमी नाही, राखेचीही नाही. पाणी थोडं थोडं पण नेमानं. कधी कोरडं, कधी धो धो असं केलं की कंद तडकतो. कोंबड्या कोवळी पानं सोडत नाहीत, म्हणून बांबूच्या कमच्या रोवून मायची जुनी साडी बांधायची. पानांत नागमोडी पांढऱ्या रेषा दिसल्या तर आत अळी आहे, ते पान तोडून टाकायचं. बस्स, एवढंच. साठ-सत्तर दिवसांत कंद तयार. लिंबापेक्षा मोठा, संत्र्यापेक्षा लहान असतानाच काढायचा. क्रिकेटच्या चेंडूएवढा होऊ दिला की आत लाकूड होतं, आणि बाजारात आपल्याला नेमका तोच मिळतो. बीट आवडत नाही म्हणणाऱ्या अर्ध्या लोकांनी हे लाकूडच खाल्लेलं असतं.

एक कबुली द्यायला हवी. बीटचं बी मला घरी धरता येत नाही. दोन वर्षांचं झाड आहे, फुलायला त्याला लांबलचक थंडी लागते. ती काश्मीर-हिमाचलात मिळते, गोंदियात नाही. त्यामुळे स्वावलंबनाच्या मोठ्या गप्पा मी मारणार नाही. दरवर्षी पुडी विकत आणतो.

तर त्या पहिल्या वर्षी कंद काही धड आले नाहीत, पण पानं बेसुमार आली. मायनं त्याची डाळभाजी केली. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, डाळभाजी म्हणजे लग्नाच्या पंगतीतला आमचा अभिमान. तूर डाळ, थोडी चना डाळ, पालक, भिजवलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. पालकाच्या जागी बीटची पानं. ताई गोंदियाहून आली होती, तिथेच नोकरी करते ती. तिनं भात कालवला, दोन घास खाल्ले आणि थांबली.

'पालकाचे देठ लाल काहून हायेत?'

मी सांगून टाकलं. लपवून खायला घालणं मला पटलं नसतं. तिच्यावर बळजबरी खूप झाली होती. ती काही वेळ ताटाकडे बघत राहिली, मग म्हणाली, 'हे असं, भाजी म्हणून दिलं असतं त खाल्लं असतं न मी.' आणि आणखी डाळभाजी घेतली.

माय उठून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

बीट परकं नाही

आता दुसरं नुकसान, चवीचं. सल्ले देणाऱ्यांना बीट औषध वाटतं, आणि जेवणाऱ्यांना ते परकं वाटतं. सॅलडमध्ये चकत्या मांडायच्या, पाहुणे गेले की फेकायच्या. व्हेज कटलेटला रंग यावा म्हणून किसून टाकायचं. 'आपली भाजी नव्हे ती.'

हे खरं नाही. आपण बाजारातून जो देशी पालक आणतो, जाड गुळगुळीत पानांचा, कापला की पुन्हा फुटणारा, तो वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बीटचाच भाऊ आहे. दोघांची जात एकच, बीटा व्हल्गॅरिस. पुस्तकांत ज्याला स्पिनच म्हणतात तो वेगळा, त्याला आपल्याकडे विलायती पालक म्हणतात. म्हणजे आजवर प्रत्येक डाळभाजीत आपण बीटच्याच घरातलं पान खात आलो, आणि बीटचं पान मात्र बकरीला टाकत आलो. शिवाय परक्याचा हिशेब काढायचाच तर मिरची, भेदरं, बटाटा आणि शेंगदाणा हे सगळे समुद्रापलीकडून आलेत. सावजीच्या रश्श्यातून मिरची काढून दाखवा, मग बीटला परकं म्हणा.

'मातकट लागतं' ही दुसरी तक्रार. लागतंच. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्यातला जिओस्मिन नावाचा घटक बीटमध्येही असतो. शहरातल्या माणसाला अत्तराच्या बाटलीत तो वास पैसे देऊन चालतो, ताटात नको असतो. आम्ही धानाच्या बांधीत पिंडरीभर चिखलात उभं राहून रोवणा करणारी माणसं. आम्हाला तरी त्या वासाचं वावडं नसावं.

आणि ज्यांना तो वास खरंच नको असेल त्यांनी बीट उकडू नये, भाजावं. न सोलता, देठाचं बोटभर टोक ठेवून, चुलीतल्या निखाऱ्यांत वांग्यासारखं पुरायचं. सुरी आरपार गेली की काढायचं. साल बोटांनी निघते. चुरून त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, सांभार, मीठ, लिंबू, आणि वरून जवसाची चटणी. गोड कंद, तिखट मिरची, खमंग जवस. सोबत तांदळाची गरम भाकर. हिवाळ्यात गावात झाडीपट्टीचं नाटक असलं की आम्ही हेच खाऊन निघतो, पहाटेपर्यंत पोटाला आधार राहतो. देठं बारीक चिरून लसणावर परतली तर दुसऱ्या दिवशीची भाजी झाली. पानं तोडताना एका रोपाची दोन-तीनच बाहेरची तोडायची, म्हणजे कंदही भरतो आणि डाळभाजीही होते. किडनीचा किंवा मुतखड्याचा त्रास असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी पोटभर खा.

यातल्या कुठल्याही घासाला मी काही फायदा चिकटवलेला नाही हे लक्षात आलं असेल. मुद्दामच. आपल्या पिढीला कुठलीही गोष्ट नुसती चांगली लागते म्हणून खाताच येईना झालीय. प्रत्येक भाजीला सुपरफूडचं बिरुद हवं, प्रत्येक ग्लासाला डिटॉक्सचं. भाजीवर एवढी जबाबदारी टाकली की ती पार पाडता येत नाही, मग कुणाला तरी दोषी ठरवावं लागतं. आमच्या घरी ताईला ठरवलं.

एवढं करा

रील बनवणाऱ्यांना माझं म्हणणं आहे की बीटच्या पाककृती जरूर टाका. फक्त 'हिमोग्लोबिन' हा शब्द काढून टाका. तुमच्या तीस सेकंदांवर कुणाची तरी चार वर्षं जातात.

शाळांत परसबागा आहेत, अंगणवाड्यांत पोषण वाटिका आहेत. तिथे बीट लावताना फलकावर 'रक्तवर्धक' लिहू नका. मुलांना पानं खायला शिकवा आणि त्याच आठवड्यात सिकलसेलची तपासणी ठेवा.

आणि तुम्ही, जे हे मोबाइलवर वाचताय. तुम्ही पूर्व विदर्भातले असाल, किंवा तुमचे आईवडील तिथले असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय अभियानात शून्य ते चाळीस वयाच्या सगळ्यांची तपासणी आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. वाहक निघालात तर जगबुडी नाही. मी वाहक आहे, धान कापतो, वाफे खणतो, नाटकं बघतो. फक्त लग्न ठरवताना समोरच्याचा रिपोर्ट बघेन आणि माझा दाखवेन. मागच्या वर्षी एका स्थळाला मी हे सांगितलं तर त्यांनी पुन्हा फोन केला नाही. पत्रिका मात्र आधीच मागून घेतली होती. राग आला, पण आपलं रक्त लपवून लग्न करण्यापेक्षा हे बरं.

कुणी थकलं, कुणाचे सांधे दुखले, कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर मिक्सर लावू नका. दवाखान्यात घेऊन जा.

ताईला आजही वर्षातून एक-दोनदा दवाखान्यात भरती व्हावं लागतं. गोळ्या रोज चालू आहेत. परवा तिचा फोन आला, की यंदा वाफा मोठा कर, ऑफिसमधल्या मैत्रिणींना पानं द्यायचीत. मी म्हटलं, त्यांना सांग कंदही न्या. ती म्हणाली, 'सांगतो. पण कोनी ज्यूस करतो म्हनलं त देजो नोको.'

पुडी आणलेली आहे. उद्या रात्री बी भिजत घालतो.